घडी न मोडलेली लुगडी

१९ सप्टेंबर

राग आला की बोलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाब वरचा आणि खालचा, दोन्ही वर आहेत. मी विचारलं, मग करायचं काय? म्हणाले, लिहून काढा. कल्याणने, म्हणजे माझ्या मुलाने, राहुरीहून येताना एका बियाणे कंपनीची डायरी आणून दिली. वर्ष संपत आलंय आणि डायरी जानेवारीपासून कोरी आहे. प्रत्येक पानाखाली शेतकऱ्याला एक सल्ला छापलाय. आजच्या पानावर कांद्याच्या रोपाची काळजी कशी घ्यावी ते आहे. मी तिसगावात कापडाचं दुकान चालवतो.

पहिला राग लिहून काढतो. कल्याणची बायको मोनिका आजपासून दुकान बघणार आहे. तो नोकरीमुळे राहुरीला असतो, मला दगदग चालत नाही, म्हणून असं ठरलं. ठरवताना मीही तिथेच होतो, पण मला बोलायला बंदी होती.

२१ सप्टेंबर

मोनिकाने दुकानात पाटी लावली: "पसंत न पडल्यास सात दिवसांत परत."

कानिफनाथ वस्त्र भांडार माझ्या वडिलांनी काढलं. तेव्हापासून या दुकानात 'परत' हा शब्द कुणी काढला नाही. माणसं साडी घेऊन माघारी यायची नाहीत असं नाही. यायची, पण त्याची एक भाषा होती. बाई पिशवी पदराखाली धरून उभी राहणार आणि म्हणणार, "घडी मोडली न्हाई." म्हणजे साडी उलगडून नेसलेली नाही, ती अजून तुमची आहे, परत घ्या. "जरा दावायला आणलीय" म्हणाली, तरी परत घ्या. "पाव्हण्यांनी अशीच एक आणली" म्हणजेही तेच. "रंग डोळ्यात भरंना" म्हणाली तर समजायचं, सासूने नाव ठेवलंय, आणि आता ही इथेच रडायला लागेल.

आमच्या बाजूनेही भाषा होती. "बघू" म्हणजे नाही. "सणानंतर या" म्हणजे नाही. "मालक गावाला गेलेत" हे मी स्वतः गादीवर बसून सांगितलेलं आहे. कुणाचा अपमान झाला नाही आणि कुणाची साडी परत घेतली नाही. सगळं गोडीत चालायचं.

हे सगळं मोनिकाला शांतपणे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे अण्णा, त्या खरं बोलायच्या नाहीत आणि तुम्हीही खरं बोलायचा नाहीत?" तिचं बी.कॉम. झालेलं आहे.

२५ सप्टेंबर

पहिली साडी परत आली. कडूबाई आली होती. नवरा-बायको दोघं दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर खाली कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यात येतात. नवऱ्याने पोळ्याच्या आधी साडी नेली होती. म्हणजे सात दिवस कधीच होऊन गेले होते, पण मोनिका म्हणाली, पाटी लागली त्या दिवसापासून धरू. असा हिशेब मी जन्मात पाहिला नाही.

कडूबाई पदराखाली पिशवी धरून म्हणाली, "घडी मोडली न्हाई."

मी सवयीने म्हणालो, "बघू."

मोनिका म्हणाली, "द्या की मावशी. काय झालं?"

कडूबाई माझ्याकडे बघायला लागली. घरून निघताना तिने भांडणाची तयारी केली असणार, आता ती वाया चालली होती. "आता काय म्हनू?" तिने विचारलं.

"पसंत नाही म्हणा."

"कुनाला?"

"तुम्हाला."

कडूबाईने दुकानात इकडेतिकडे पाहिलं. दारातही पाहिलं. मग म्हणाली, "पसंत न्हाई." थोडं थांबून उगीचच आणखी एकदा म्हणाली, "मला पसंत न्हाई." आणि लाजून हसली. तिला मी इतकी वर्षं ओळखतो, पण ती हसताना दात दिसतात हे माहीत नव्हतं.

मोनिकाने साडी काँप्युटरवर चढवली. काँप्युटर परत करण्याचं कारण विचारतो. रंग, माप, दोष, पसंत नाही, इतर. यातलं एक निवडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. माझ्यासारखाच हट्टी आहे.

२९ सप्टेंबर

पाटीची बातमी गावभर झाली. दुपारच्या वेळी दुकान बायकांनी भरतं. पूर्वी बाई यायची ती नवरा, सासू नाहीतर दीर यांच्या मागून, आणि तिच्यासाठी साडी ते निवडायचे. आता या एकट्या येतात. एकीने आधी परत करायची साडी पुढे ठेवली, मग गादीला टेकून बसली, चहा प्यायली, वीस साड्या उलगडायला लावल्या आणि एकविसावी घेऊन गेली. जाताना "सात दिस हायेत ना?" असं विचारून गेली. मोनिका हो म्हणाली. मला घड्या घालाव्या लागल्या.

लहानपणी हे काम माझी धाकटी बहीण गोजर करायची. गिऱ्हाईक गेलं की वडील हाक मारायचे आणि ती परकराचा ओचा खोचून घड्या घालायला बसायची. काठाला काठ असा लावायची की साडी उलगडली होती हे कळायचंही नाही. तिच्यासारखी घडी मला आजही येत नाही.

४ ऑक्टोबर

दसरा बरा गेला. आज नवीन उद्योग. मोनिकाने सगळ्या मालाला किमतीच्या चिकटपट्ट्या लावल्या. जो माल दोन वर्षांत हलला नाही, त्याला वर लाल ठिपका लावला. संध्याकाळी पाहिलं तर लुगड्यांची अख्खी फळी गोवर आल्यासारखी दिसत होती.

"लुगडी आता कुणी नेसत नाही अण्णा," ती म्हणाली. "म्हाताऱ्यासुद्धा गोल नेसतात."

गोल म्हणजे सहावारी. मी म्हणालो, "माझी बहीण नेसते."

गोजर कोल्हारला दिली आहे. आम्ही तिला पाण्याच्या गावात दिली. आमच्याकडे विहिरी कोरड्या पडायच्या तेव्हा तिच्या दारात प्रवरा वाहत होती, हे मी कुणालाही सांगतो. वडील गेल्यावर तिने हक्कसोडपत्रावर सही केली. जमिनीतला आणि या दुकानाच्या जागेतला हिस्सा माझ्या नावावर सोडला. मी दर भाऊबीजेला तिला लुगडं नेतो. रीतच आहे तशी. आजवर दोघांपैकी कुणाची तक्रार नाही.

किमतीच्या पट्ट्यांबद्दल मात्र मोनिकाला बजावलं. बस्त्याचं असो की आहेराचं, द्यायच्या कापडावरची किंमत दुकानातच काढून ठेवायची. दिलेल्या कापडाला किंमत नसते. हे वाक्य वडिलांचं आहे. ती म्हणाली, हे मात्र बरोबर आहे. मला बरं वाटलं. लगेच म्हणाली, "पण म्हणून वाटेल ते खपवायचं असं नाही." मग ते बरं वाटणं गेलं.

१८ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी. गोजरसाठी लुगडं काढलं. लाल ठिपक्यांच्या फळीवरून काढलं, कारण लुगडी तिथेच आहेत. शेवाळी रंग, रुंद काठ. दुकानात चार वर्षं आहे म्हणजे माल मुरलेला आहे. किंमत नखाने खरवडून काढली. ठिपका घडीच्या आत गेला होता, तो राहू दिला. ठिपका म्हणजे काही किंमत नव्हे.

मोनिका म्हणाली, "आत्यांना विचारून न्या ना, काय आवडतं ते."

मी म्हणालो, "बहिणीला काय विचारायचं? मला माहिती आहे." एवढा साधा प्रश्न, पण डोकं तापलं. म्हणून लिहून काढला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. नगरला गाडी बदलून कोल्हारला पोचेपर्यंत रस्त्याने कंबर हलवून सोडली. गोजरने ओवाळलं. मी दिलेलंच लुगडं नेसली होती, डाळिंबी रंगाचं. दर वेळी मी जातो तेव्हा ती मी दिलेलंच नेसते. याला म्हणतात माहेरची माया.

शेवाळी लुगडं तिच्या हातात दिलं. तिने घडीच्या आत बोट घालून पोत पाहिला, ही तिची जुनी खोड. बोट मध्येच थांबलं. म्हणाली, "दादा, ह्यो लाल टिपका कशाचा?"

मी म्हणालो, "सुनेचं काहीतरी असतं. मालाची खूण."

"चांगल्या मालाची?"

"हो," मी म्हणालो.

तिने लुगडं कपाळाला लावून आत ठेवलं. पुरणपोळी उत्तम होती. संध्याकाळच्या गाडीने परत.

२७ ऑक्टोबर

गोजरने मोनिकाला फोन केला होता. लाल ठिपका म्हणजे काय, असं विचारलं. मोनिकाने सांगितलं.

मी म्हणालो, काहीतरी दुसरं सांगायचं. ती म्हणाली, "त्यांनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. त्या साडीवर ठिपका तसाच राहिलाय हेच मला माहीत नव्हतं." मी म्हणालो, साडी नव्हे, लुगडं. ती काहीच बोलली नाही. तिला तर डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही.

गोजर काय म्हणाली? मोनिका सांगते, ती "बरं" म्हणाली. बरं म्हणजे झालंच की.

२९ ऑक्टोबर

कल्याण मधल्या वारी रजा टाकून आला. आत्याचा आणखी फोन आला का, कुणी वकील वगैरे भेटायला आला का, असं विचारत होता. त्याच्या कारखान्यातल्या एकाच्या आत्याने म्हणे हक्कसोड फसवून घेतलं म्हणून दावा लावला आहे. दुकानाच्या जागेचे कागद कुठे आहेत, असंही विचारलं. मी म्हणालो, एका ठिपक्यावरून तू कुठल्या कुठे गेलास? गोजर तशातली नाही. तिने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नाही.

तो म्हणाला, "तेच तर."

जेवण बरोबर झालं नाही.

३ नोव्हेंबर

दुपारच्या गाडीने गोजर आली. एकटी, दोन भरलेल्या पिशव्या घेऊन. कोल्हारहून इथवर दोन गाड्यांनी ती माझ्या आठवणीत एकदाही एकटी आलेली नाही.

ती गोल नेसली होती. आकाशी, बारीक बुट्टीची, आमच्या दुकानातली नव्हे. पिशव्यांच्याही आधी मला ते दिसलं. मी धंद्यातला माणूस आहे. नेसणं बघून सांगतो, साडी नवीन सवयीची आहे की जुन्या. हिची फार जुनी होती.

ती घरात गेली नाही. दुकानातच, गिऱ्हाइकं बसतात तिथे बसली. मोनिकाने पाणी दिलं. पाणी पिऊन ती माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, घडी मोडली न्हाई."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू."

"बघू म्हंजी न्हाई," ती म्हणाली. "मला शिकवतो व्हय? ह्याच गादीवर बापाजवळ बसून शिकले मी."

तिने पिशव्या गादीवर रिकाम्या केल्या. वर शेवाळी. खाली गेल्या वर्षीचं राखाडी, त्याखाली त्याच्या आदल्या वर्षीचं. प्रत्येक घडीत कडुनिंबाची वाळलेली पानं. मला एकेक लुगडं ओळखू आलं. हे त्या साली इचलकरंजीहून जास्तीचं आलेलं, हे काठ विटका म्हणून राहिलेलं, हे कुणी हातात धरलं नाही म्हणून राहिलेलं. माझ्या दुकानात न खपलेल्या मालाचा इतका नीट ठेवलेला साठा मी कुठेच पाहिला नाही. एकाचीही घडी मोडलेली नव्हती.

"आणि डाळिंबी?" मी विचारलं. "ते तर तू नेसतेस."

"ते तू पैल्या भाऊबीजेला आणल्यालं. तू यायच्या दिशी नेसते. तू गाडीत बसला का सोडून ठिवते. सासू मेली तवापून गोल नेसते मी."

मी म्हणालो, "मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगायचं? ह्या दुकानात 'परत' म्हनायची रीत हुती का?"

दुकानात दोन बायका होत्या, त्या साड्या बघायच्या थांबल्या. मला लाज वाटली आणि लाजेचा राग झाला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं विसरून मी ओरडलो. "तुला कुणी शिकवून पाठवलंय? हिस्सा पाहिजे का? सरळ बोल ना."

ती बराच वेळ काठाला काठ लावत शेवाळी लुगड्याची घडी नीट करत राहिली. ती आधीच नीट होती.

"हिस्सा मागायला आले आसते तर वकील आणला आसता," ती म्हणाली. "पिशव्या न्हाई."

मोनिका म्हणाली, "आत्या, दुकानातली तुमच्या मनाची घ्या. कुठलीही."

"आज न्हाई, बाई. आज निस्तं द्यायला आले."

चहा घेतला. मोनिकाने कुंकू लावलं, ते लावून घेतलं. रिकाम्या पिशव्यांच्या घड्या करून कमरेला खोचल्या. दारात थांबून म्हणाली, "म्होरल्या भाऊबीजेला लुगडं आणायचं आसंल तर येऊ नको, दादा."

निघताना 'येते' म्हणायची पद्धत आहे. आमच्या घरात मरायला टेकलेला माणूसही 'येतो' म्हणतो. ती "जाते" म्हणाली आणि स्टँडकडे गेली.

मी सोडायला गेलो नाही. जायला पाहिजे होतं.

४ नोव्हेंबर

मोनिकाने लुगडी काँप्युटरवर चढवायला घेतली. मी म्हणालो, ही विकलेली नाहीत, चढवायची कशाला? म्हणाली, "दुकानात आलाय तो माल चढवावा लागतो." काँप्युटरने कारण विचारलं. तिने मला विचारलं.

मी म्हणालो, "इतर लिही."

"इतर लिहिलं की खुलासा मागतो."

मी म्हणालो, बघू. ती काँप्युटर तसाच उघडा ठेवून स्वयंपाकाला गेली. मी त्या चौकोनापुढे बसलो. रंग म्हणावं, तर रंग तिने पाहून नाकारला नव्हता. माप म्हणावं, तर नऊ वार ते नऊ वारच. दोष म्हणावा, तर कापडात नव्हता. पसंत नाही, हे तर तिला म्हणायची वेळच मी कधी येऊ दिली नाही.

मोनिका परत आली तेव्हा मी म्हणालो, "लिही. विचारलं नव्हतं."

तिने प्रत्येक लुगड्यापुढे तेच लिहिलं. मी शेजारी बसून होतो. मध्येच तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. गोजरचं लग्न ठरलं तेव्हा मी घरात होतो. हक्कसोडाच्या वेळी रजिस्ट्री कचेरीत मीच तिला मोटारसायकलवर नेलं होतं. वाटेत आम्ही उसाचा रस प्यायलो. काय काय बोललो ते आठवून पाहिलं. विचारलेलं काही आठवलं नाही.

पानाखालचा सल्ला: गव्हाच्या पेरणीपूर्वी जमिनीचं परीक्षण करून घ्यावं.

५ नोव्हेंबर

कल्याणला फोनवर सांगितलं, मी कोल्हारला जाणार आहे. तो म्हणाला, जमिनीचा विषय काढू नका, उगीच आठवण कशाला करून द्यायची? मी म्हणालो, तिला आठवण आहे. आपल्यालाच नाही. तो म्हणाला, अण्णा, गोळी घेतली का?

९ नोव्हेंबर

साड्यांचं गाठोडं बांधून कोल्हारला गेलो. सगळ्या गोल. मोनिकाने निवडायला मदत केली, किमतीच्या पट्ट्या तशाच ठेवल्या. वडील सुरुवातीला असंच गाठोडं खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, असं ऐकलंय. मी जन्मल्यापासून गादीवर बसलो आहे. नगरच्या स्टँडवर एकाने विचारलं, "काय मामा, फेरीवर का?" मी हो म्हणालो.

गोजर ओसरीत शेंगा फोडत होती. मी दिसल्यावर उठली नाही. शेजारची ज्योती म्हणून एक सूनबाई तिच्याबरोबर होती, ती उठायला लागली तर गोजर म्हणाली, "बस. कापडवाला आलाय."

मी गाठोडं सोडलं. एकेक साडी उलगडून दाखवायला लागलो. ती नुसतं बोटाने 'पुढची' करायची. मला वाटलं ही हिला शोभेल, ती पुढची. मला वाटलं ही टिकाऊ आहे, ती पुढची. ज्योतीला सगळ्याच आवडत होत्या. शेवटी एक वांगी रंगाची सुती निघाली, बारीक काठाची. मोनिकाने ती गाठोड्यात घातली तेव्हा मी म्हणालो होतो, हा रंग कॉलेजच्या पोरींचा. गोजरने घडीत बोट घातलं. पोत पाहिला. उजेडात धरली. मी जीभ चावून गप्प बसलो. डॉक्टरांचा सल्ला पहिल्यांदाच उपयोगी पडला.

"ही ठिवते," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पर घडी मोडनार न्हाई आजून. सात दिस हायेत ना?"

"आहेत," मी म्हणालो.

ज्योती गेल्यावर मी विचारलं. किती वेळ मनात घोळवलं होतं, तरी वाक्य नीट जुळलं नाही. म्हणालो, "गोजर, त्या कागदावर सही केलीस तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का?"

ती शेंगा फोडत राहिली. "न्हाई. तू रस पाजला हुता."

"आता विचारतोय."

"आता?"

"हो."

तिने टरफलं सुपात गोळा केली, उठली, उकिरड्यावर टाकून आली. परत बसल्यावर म्हणाली, "बघू."

आमच्या दुकानात बघू म्हणजे नाही. तिच्या तोंडात त्याचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नाही. गाडीत पूर्ण वेळ त्याचाच विचार केला. ती हिस्सा पाहिजे म्हणाली तर दुकानाची जागा अर्धी जाईल. नको म्हणाली तर मी सुटेन, आणि सुटलेलं बरं वाटणार नाही, असं वाटतं. भीती दोन्हीकडून आहे. तरी विचारलं ते बरं केलं.

निघताना मी "येतो" म्हणालो. तिने "ये" म्हटलं नाही. डोक्यावर पदर मात्र घेतला, आणि रस्त्यापर्यंत आली.

११ नोव्हेंबर

दुपारची नगरची गाडी पाहिली. कुणी आलं नाही.

१२ नोव्हेंबर

गाडी उशिरा आली. एक बाई पिशवी घेऊन उतरली आणि मी गादीवरून उठलो. ती आमच्याकडे आलीच नाही, किराणा दुकानात गेली.

मोनिका म्हणाली, "अण्णा, परत करायचं असतं तर त्या फोन करून सांगतील." मी म्हणालो, मी गाडी बघतोय असं तुला कुणी सांगितलं? आता कळतं, पदराखाली पिशवी धरून बाया दारात का घुटमळायच्या.

१४ नोव्हेंबर

कडूबाई टोळीबरोबर निघाली. ट्रॅक्टर स्टँडवर थांबला तेव्हा उतरून दुकानात आली. "जाऊन येते आण्णा," म्हणाली. तिने साडीच्या बदल्यात जो स्वेटर नेला होता तो अंगात होता, लाल. मी विचारलं, "पसंत आहे ना?" तिने बाही खाली ओढून पाहिली. मग म्हणाली, "लई पसंत हाय." तिच्या नवऱ्याने ट्रॅक्टरवरून हाक मारली, तरी ती चहा पिऊनच गेली.

लुगड्यांच्या फळीवरून गोजरची लुगडी हलवली. शेवाळीवरचा ठिपका काढून टाकला. विकायला ठेवली नाहीत. कुठे ठेवायची ते ठरलेलं नाही, म्हणून माझ्या कपाटात आहेत.

१६ नोव्हेंबर

सातवा दिवस. गाडी आली. गेली. मी दुकान बंद होईपर्यंत गादीवर बसलो. मोनिकाने शटर ओढायला आज उशीर केला. फोन आला नाही. म्हणजे काय समजायचं? वडील असते तर त्यांना विचारलं असतं. पण त्यांनीही हेच सांगितलं असतं, की गिऱ्हाईक आलं नाही म्हणजे सौदा पक्का. मला आता तसं वाटत नाही. ती आली नाही याचा अर्थ एवढाच, की ती आली नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडून देवाला उदबत्ती लावत होतो. मोनिका मोबाईल घेऊन आली. कोल्हारच्या देवीच्या देवळापुढे काढलेला फोटो. ज्योतीने काढला असावा, कारण गोजरचे पाय कापले गेले होते. वांगी रंग. निऱ्या चापूनचोपून, पदर खांद्यावर. ती हसत नव्हती. फोटोत ती कधीच हसत नाही. रंग तिला शोभत होता. मला वाटलं नव्हतं.

खाली तिने बोलून पाठवलं होतं. मोनिकाने ते लावलं. मागे देवळाची घंटा आणि कुणाचं तरी पोर रडत होतं, त्यातून गोजरचा आवाज आला, फोन तोंडाच्या फार जवळ धरल्यासारखा.

"मोनिका, दादाला सांग. घडी मोडली."

मी म्हणालो, पुन्हा लाव. तिने पुन्हा लावलं.